कुत्र्याला खाज आणि केसगळती: आधी कारण ओळखा, मग औषध



दर आठवड्याला बाग, कांदा, माती, पाणी यावर मेसेज पाठवते. आज विषय वेगळा आहे: आपल्या वस्तीवरचा, मळ्यातला कुत्रा. मेसेज मोठा झालाय. आत्ता घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि संध्याकाळी निवांत वाचा. घाईतल्यांनी निदान मुद्दा १ आणि मुद्दा ७ वाचावा.

गेल्या पंधरा दिवसांत तीन सभासदांचे फोन आले. तिघांचा प्रश्न एकच: "मॅडम, कुत्र्याचे केस चाललेत, दिवसभर खाजवतोय. कोणतं मारू?" औषध 'मारायची' आपल्याला सवय आहे. पिकावर रोग दिसला की पंप भरायचा. पण कुत्रा म्हणजे पीक नाही. तो अंगावर पडलेलं सगळं जिभेने चाटतो आणि चाटलेलं सरळ पोटात जातं.

आधीच सांगते, मी जनावरांची डॉक्टर नाही, शेतीचा डिप्लोमा केलेली आहे. म्हणून हा मेसेज पाठवण्याआधी आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवून घेतलाय. यात डोस मुद्दाम दिलेले नाहीत. डोस डॉक्टर ठरवतील. आपण काय बघायचं, काय टाळायचं आणि दवाखान्यात काय सांगायचं, एवढंच इथे आहे.

*१) शेतातलं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर नको. एक थेंबही नको.*

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या मळ्यातल्या खंड्याला लूत लागली. कानाच्या कडा आणि कोपरं उघडी पडली, अंगाला वास यायला लागला. आजीने त्याला ओट्यावर येऊ द्यायचं बंद केलं. मी सुट्टीला घरी आलेली, कीटकशास्त्राचा पेपर नुकताच झालेला. लूत कोळीवर्गातल्या किड्याने होते एवढं मला माहीत होतं. शेडमध्ये बागेची उरलेली क्लोरपायरीफॉसची बाटली होती. मीच वडिलांना म्हटलं, "बादलीभर पाण्यात झाकणभर टाकू आणि आंघोळ घालू." वडिलांना वाटलं, पोरगी शिकतेय, तिला माहीत असणार.

दुपारी आंघोळ घातली. तासाभरात त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग उलट्या, मग अंग थरथरायला लागलं. आम्ही त्याला ताक पाजत बसलो. दवाखान्यात न्यायला संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता, खंड्या रात्रीतून गेला. डॉक्टर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "याची लूत महिनाभरात बरी झाली असती."

तेव्हापासून कुणी विचारलं "कुत्र्याला कोणतं मारू?", की माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: शेडमधलं काहीच नाही.

कारण सरळ आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, मिथोमिल, कार्बोफ्युरान ही औषधं किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतात. तीच यंत्रणा कुत्र्यात आहे आणि आपल्यातही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. अंगावर उडालेल्या औषधाने धडधाकट माणूस पडतो, तर लुतीने कातडी सोललेल्या १५ किलोच्या कुत्र्याचं काय होईल? सोललेल्या कातडीतून औषध जास्त वेगाने आत जातं, आणि वरून तो ते चाटतो.

*२) खाज हे लक्षण आहे, रोग नाही*

द्राक्षाच्या पानावर डाग दिसला म्हणून आपण लगेच औषध ठरवतो का? पान उलटून बघतो. भुरी असेल तर औषध वेगळं, डाऊनी असेल तर वेगळं. चुकीचं मारलं तर पैसे जातात आणि रोग वाढतो. कुत्र्याचंही तसंच आहे. खाज आणि केसगळतीमागे दहा कारणं असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, उलट बाधतं.

आधी हे बघा, की केसगळती खरंच रोगाची आहे का:

- वर्षातून एक-दोनदा कुत्रा केस टाकतो. केस सगळीकडून सारखे विरळ होतात, खालची कातडी स्वच्छ असते आणि खाज नसते. हा रोग नाही.
- व्यालेल्या कुत्रीचे केस एक-दोन महिन्यांनी गळतात. पिल्लांना पाजून ती खंगलेली असते. तिला खाणं वाढवा, केस परत येतात.
- म्हाताऱ्या, जड कुत्र्याच्या कोपराला टकलासारखा घट्टा पडतो. कडक फरशीवर बसून तो होतो. खाली गोणपाट किंवा जुनी गोधडी टाका.

पण कातडी लाल आहे, खपल्या आहेत, वास येतोय, कुत्रा झोपेतून उठून खाजवतोय, किंवा टक्कल ठरावीक जागीच पडतंय, तर तो रोग समजा.

*३) पाच मिनिटांची तपासणी*

सकाळी उजेडात करा. घरातल्या ज्या माणसाचं कुत्रा ऐकतो त्याने धरावं, दुसऱ्याने बघावं. हातात मोजे घाला. मोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी चालेल. दुखरा कुत्रा घरच्यालाही चावतो, म्हणून सुती कापडाची लांब पट्टी घेऊन तोंडाभोवती एक फास, हनुवटीखाली गाठ आणि कानांमागे बांधणी, असं तोंड थोडा वेळ बांधता येतं. धापा टाकत असेल किंवा उलटी करत असेल तर तोंड बांधू नका.

आता या क्रमाने बघा:

क. कानाच्या कडा, कानाच्या आत, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती.
ख. कोपरं, मागच्या पायाचे सांधे आणि पोट.
ग. पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू.
घ. पायाच्या बोटांमधल्या सांदी, काख आणि जांघ.
च. गळ्याचा पट्टा काढून त्याच्या खालची जागा. इथे जखम लपलेली असते.

प्रत्येक जागेचा फोटो काढा. एक जवळून आणि एक लांबून. डॉक्टरांना दाखवायला आणि पंधरा दिवसांनी फरक पडला का ते कळायला दोन्ही कामी येतात.

*४) जागा आणि खूण यावरून अंदाज*

*पिसवा:* पाठीचा मागचा भाग, शेपटीचं मूळ आणि मांड्या इथले केस जातात. पिसू दिसेलच असं नाही. एक युक्ती करा. बारीक दातांच्या कंगव्याने शेपटीजवळचे केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती लालसर तपकिरी रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. साधी माती असेल तर लाल होत नाही. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचं वावडं असतं, त्यांना दोन-चार पिसवाही अंग सोलून काढायला पुरतात. पिसवांबरोबर पट्टकृमी हा जंतही येतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर डॉक्टरांना सांगा.

*गोचीड:* कानात, बोटांच्या सांदीत आणि मानेखाली असतात. खाजेपेक्षा मोठा धोका त्यांनी पसरवलेल्या तापाचा आहे. कुत्रा खात नाही, मलूल पडलाय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, नाकातून रक्त येतंय किंवा लघवी गडद झालीय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

*लूत (खरजेचा प्रकार):* कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे सांधे आणि पोट यापासून सुरुवात होते. खाज भयंकर असते, कुत्रा रात्रभर झोपत नाही. कातडी जाड, राखाडी आणि सुरकुतलेली होते. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला हलू लागला तर लुतीचा संशय धरा. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. माणसालाही तात्पुरती खाज येते.

*डेमोडेक्स लूत:* बहुतेकदा लहान कुत्र्यांत, वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या. डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं टक्कल, तोंडाच्या कडेला आणि पुढच्या पायांवर चट्टे. सुरुवातीला खाज कमी असते, वरून पू झाला की वाढते. हा किडा पिल्लाला जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत आईकडून येतो. माणसाला होत नाही. मोठ्या कुत्र्याला अचानक झाला तर आत दुसरा आजार आहे का ते तपासावं लागतं.

*नायटा (गजकर्ण):* बुरशीमुळे होतो. गोल चट्टे, तुटलेले केस, कडेला कोंडा. खाज असेल-नसेल. हा माणसाला लागतो, लहान मुलांना लवकर लागतो.

*पू आणि तेलकटपणा:* पुळ्या, पिवळ्या खपल्या, गोल सोललेली कड किंवा कुबट वास आणि तेलकट केस. बऱ्याचदा हा दुसरा पाहुणा असतो. आधी पिसवा किंवा लूत येते, कुत्रा खाजवून जखम करतो, मग जंतू आणि बुरशी घर करतात. फक्त पू बरा केला आणि मूळ कारण तसंच राहिलं, तर महिन्याने परत तेच.

*वावडं:* पंजे सतत चाटणं, कान वारंवार लाल होणं, पोटाला खाज. धूळ, परागकण किंवा एखादं खाणं कारण असू शकतं. हे ओळखायला वेळ लागतो.

*खाज नाही, पण दोन्ही बाजूंनी सारखेच केस जातात:* कुत्रा सुस्त आहे, वजन वाढतंय, तर थायरॉईडसारखं आतलं कारण असू शकतं. रक्ताची तपासणी लागते.

हा सगळा अंदाज आहे, निदान नाही. डॉक्टर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. लुतीचा किडा खरवडण्यात दरवेळी सापडत नाही, म्हणून कधी कधी लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात. "डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी औषध दिलं" अशी तक्रार एका सभासदांनी केली होती. त्यात डॉक्टरांची चूक नाही, पद्धतच तशी आहे.

*५) दवाखान्यात काय होतं, आपण काय विचारायचं*

जाण्याआधी वजन करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजा करा. कांद्याचा काटा घरात असतोच. बहुतेक औषधं वजनावर ठरतात. "असेल पंधरा-वीस किलो" हा अंदाज उपयोगाचा नाही.

हे सांगा: किती दिवसांपासून आहे, कुठून सुरू झालं, घरात दुसरे कुत्रे-मांजरं आहेत का, घरात कुणाला खाज आहे का, खायला काय देता आणि *आधी काय काय लावलं*. जळकं ऑईल लावलं असेल तरी लाजू नका, सांगा. ते लपवलं तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

आजकाल पिसवा, गोचीड आणि लूत यांवर खायच्या गोळ्या मिळतात. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सॅरोलानर ही त्यातल्या औषधांची नावं. काहींचा परिणाम महिनाभर टिकतो, फ्लुरालानरचा गोचीड-पिसवांवर साधारण १२ आठवडे. गोळी महाग वाटते, पण चार वेळा चुकीचं औषध आणण्यापेक्षा स्वस्त पडते. कुत्र्याला कधी फेफरं आलं असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा.

*आयव्हरमेक्टिनबद्दल:* गोठ्यातली बाटली घेऊन अंदाजाने टोचायची पद्धत आपल्याकडे आहे. जरा हिशोब करू. जनावरांच्या १ टक्का इंजेक्शनचा १ मिली हा ५० किलो वजनाच्या जनावरासाठी असतो. १५ किलोच्या कुत्र्याला "थोडंसं" म्हणून २ मिली दिलं, तर तो १०० किलोच्या वासराचा डोस झाला. कोली, शेल्टी या जाती, त्यांचे संकर आणि काही जर्मन शेफर्ड यांच्यात जन्मतःच असा दोष असतो की हे औषध मेंदूत शिरतं. मग कुत्रा झोकांड्या खातो, त्याला दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतो. आपल्या कुत्र्यात कोणत्या जातीचं रक्त आहे हे आपल्याला कुठे माहीत असतं? हे औषध वाईट नाही. डॉक्टर वापरतात. पण वजन, वय आणि जात बघून वापरतात.

गोठ्यातल्या अमिट्राझ, डेल्टामेथ्रिनसारख्या गोचीड-औषधांचंही तेच. कुत्र्यासाठी मात्रा वेगळी असते. लहान पिल्लांना, गाभण कुत्रीला आणि उघड्या जखमांवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात मांजर असेल तर आणखी जपा. कुत्र्याच्या पर्मेथ्रिन असलेल्या औषधाने मांजर मरतं.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्राही तपासतात. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करून जवळची सोय विचारा.

*६) घरी काय करता येतं*

- *आंघोळ:* डॉक्टरांनी सांगितलेला औषधी शाम्पू फेस करून १० मिनिटं अंगावर ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचा. लगेच धुतला तर काम करत नाही. आपला शाम्पू आणि कपड्यांचा साबण कुत्र्याची कातडी कोरडी करतो.
- *कडुनिंब:* पाला उकळून गार केलेल्या पाण्याने अंग धुतलं तर चालतं, थोडा आराम पडतो. पण त्याने लूत जात नाही. निंबावर भरवसा ठेवून महिना घालवू नका.
- *जागा:* अर्धी लढाई इथे आहे. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण पिसवांचा छोटा वाटा असतो. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गोणपाटात, फटीत आणि मातीत असतात. लष्करी अळीचा कोष जमिनीत दडतो तसंच समजा. कोष महिनोन्‌महिने वाट बघू शकतो. गोणपाट-गोधडी उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा, फारच जुनी असेल तर जाळून टाका. जागा रोज झाडा आणि केर लांब टाका. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत चढून हजारोंनी अंडी घालते, म्हणून फटी लिंपून घ्या.
- *सगळ्यांना एकदम:* वस्तीवर तीन कुत्रे असतील तर तिघांनाही औषध. एकाच ओळीला फवारणी करून बाग वाचत नाही.
- *गोचीड काढताना:* चिमट्याने कातडीला चिकटून धरा आणि सरळ वर ओढा. नुसत्या बोटांनी चिरडू नका. रॉकेल नको, काडी लावू नका. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाका.
- *खाणं:* नुसती भाकरी आणि दूध यावर कातडी बरी होत नाही. उकडलेलं अंडं, शिजवलेलं चिकन किंवा मासे (काटे-हाडं काढून), थोडं तेल द्या. आपल्या भागात दोन गोष्टी खास टाळा, कारण त्या मळ्यात पडलेल्याच असतात: *कांदा* आणि *द्राक्षं-बेदाणे*. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात, द्राक्षाने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. उरलेली कांद्याची भाजी कुत्र्याला टाकू नका.
- *चाटू नये म्हणून:* गळ्याभोवती नरसाळ्यासारखी कॉलर घाला. जाड पुठ्ठ्याचीही करता येते. कडा कापडाने मढवा.

*हे करू नका:*

जळकं ऑईल नको. त्यातले घातक घटक कातडीतून आणि चाटून पोटात जातात, कातडी भाजते. रॉकेल, डिझेल, फिनेल नको. बॅटरीचं पाणी तर कधीच नको. घरातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल गोळी नको. माणसाचं नायट्याचं ट्यूब-मलम नको, त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉईड असतं, चट्टा दोन दिवस दबतो आणि मग पसरतो. जखमेत अळ्या पडल्या असतील तर पेट्रोल ओतू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

*७) चुकून औषध लावलं गेलंच तर*

लाळ गळणं, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, थरथर, झटके, श्वास लागणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. वाट बघू नका.

पहिलं: आपल्या हातात रबरी मोजे.
दुसरं: साबण आणि भरपूर पाण्याने कुत्र्याचं अंग धुवा. झटके येत असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, तसाच उचला.
तिसरं: दूध, ताक, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.
चौथं: औषधाची बाटली सोबत घ्या. लेबलवर औषधाचं नाव आणि उतारा लिहिलेला असतो. काही विषांवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, पण कोणतं विष आहे ते डॉक्टरांना कळलं पाहिजे.
पाचवं: निघताना डॉक्टरांना फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतील.

आम्ही त्या दिवशी ताक पाजण्यात जो वेळ घालवला, तो तुम्ही घालवू नका.

*८) घरातल्या माणसांना खाज आली तर*

कुत्र्याच्या लुतीचा किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही. हातावर आणि पोटावर पुरळ उठतं, कुत्रा बरा झाला की काही आठवड्यांत जातं. पण बोटांच्या बेचक्यात खाज, रात्री जास्त आणि घरातल्या सगळ्यांना, असं असेल तर ती माणसाची खरूज असू शकते. आरोग्य केंद्रात दाखवा. गोल चट्टा असेल तर नायटा, त्यालाही डॉक्टर. कुत्रा बरा होईपर्यंत मुलांना त्याच्याजवळ झोपू देऊ नका. हात लावल्यावर साबणाने धुवा.

केस गळलेला कुत्रा पिसाळलेला नसतो. लूत वेगळी, रेबीज वेगळा. पण कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्या. हळद-मिरची लावू नका. खाजेसाठी कुत्र्याला नेलंच आहे तर रेबीजची लसही विचारून घ्या. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

लुतड्या कुत्र्याला दगड मारून हाकलणं किंवा लांब नेऊन सोडणं याने काही साधत नाही. तो दुसऱ्या वस्तीवरच्या कुत्र्यांना लूत देतो, आणि प्राण्याला असं टाकून देणं कायद्यानेही गुन्हा आहे.

*९) बरं व्हायला किती दिवस?*

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पहिल्या औषधानंतर लगेच खाज थांबत नाही. लुतीत पहिले काही दिवस खाज तशीच राहते, कमी व्हायला एक-दोन आठवडे लागतात. किड्याचं अंडं ते मोठा किडा हे चक्र साधारण तीन आठवड्यांचं आहे, म्हणून दुसरा डोस सांगितला असेल तर तो चुकवायचा नाही. कुत्रा बरा दिसतोय म्हणून औषध सोडलं की अंड्यातून नवी फौज बाहेर येते. डेमोडेक्सला तर काही महिने लागू शकतात. केस सगळ्यात शेवटी येतात, एक ते तीन महिने धरा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: पहिला डोस, दुसरा डोस, आंघोळीचे दिवस, जागा धुतल्याचा दिवस. फवारणीची नोंद ठेवतो तशीच ही. दोन आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर औषध स्वतः बदलू नका. जुने-नवे फोटो घेऊन परत त्याच डॉक्टरांकडे जा.

*थोडक्यात:*
उजेडात तपासा, फोटो काढा, वजन करा.
शेडमधलं काही लावू नका.
डॉक्टरांना सगळं खरं सांगा.
कुत्रा, त्याची जागा आणि शेजारचे कुत्रे, तिन्हीकडे एकाच वेळी लक्ष द्या.
दुसरा डोस चुकवू नका.

ज्या तीन सभासदांनी फोन केले त्यांतल्या एका काकूंनी परवा फोटो पाठवलाय. कुत्र्याच्या कानावर बारीक, मऊ, नवे केस आलेत. औषध सुरू होऊन सहावा आठवडा. काकूंनी खाली लिहिलंय, "आता ओट्यावर येऊ देते."

आमच्या मळ्यात आता दुसरा कुत्रा आहे. शेडला कुलूप आहे, किल्ली वडिलांकडे असते आणि बाटल्यांच्या फळीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: फक्त पिकासाठी. तुमच्याही शेडमध्ये असं लिहून ठेवा. कुत्र्यांसाठी आणि घरातल्या लहान मुलांसाठीही.

काही शंका असेल तर फोटोसह याच नंबरवर मेसेज करा. मला कळेल ते मी सांगेन, बाकीचं डॉक्टरांना विचारून कळवेन. हा मेसेज शेजारच्या वस्तीवरही पाठवा.

आपली,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी